बेबीचं चाक

अहल्येला पहिल्या बाळंतपणासाठी घरी आणायचं ठरलं, तेव्हा नरसिंहरावांनी सगळ्यात आधी गाडीची डिकी उघडून स्टेपनी बाहेर काढली. तिचा टायर इतका जुना झाला होता की बाजूच्या रबराला चिंचेच्या वाळक्या सालीसारख्या भेगा पडल्या होत्या. त्यांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं, तर अंगठा काळा झाला.

"हिच्या भरवशावर पोटुशी पोर आणायची नाही," ते म्हणाले. "वाटेत चाक बसलं तर उन्हात रस्त्यावर उभं राहावं लागेल तिला."

सत्यवतीबाई दारातल्या कट्ट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. "नवी घ्यायची म्हणजे खर्च किती?"

"नवी कशाला? गुजरीत वापरलेलं चाक मिळतं की. रिमसकट. डॉक्टरीणबाईंचं बिल पुढं आहे, ते मला ठाऊक आहे."

साल चौसष्ट होतं. नरसिंहराव म्हैसूर सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या खात्यात नकाशे काढायच्या कामावरून निवृत्त झाले होते. बसवनगुडीतलं लहानसं घर, पेन्शन आणि जुनी विकत घेतलेली एक काळी लँडमास्टर, एवढा त्यांचा संसार. मुलगा हयवदन भिलाईला नोकरीला होता. अहल्या येलहंक्याला दिली होती. जावई विद्याधर तिथल्या विमानतळावर वायुदलाच्या कचेरीत काम करायचा. घराणं पिढ्यान्‌पिढ्या याच मुलखात, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. नरसिंहरावांची ख्याती एकच, हा माणूस चुकत नाही. आयुष्यात त्यांची छत्री कधी कुठं राहिली नव्हती. पाहुण्याला घराचा पत्ता सांगायचा, तरी कागदावर नकाशा काढून द्यायचे, आणि तो नकाशा घेऊन आलेला पाहुणा बरोबर फाटकाशी येऊन उभा राहायचा.

दुसऱ्या दिवशी ते गुजरीत गेले आणि दुपारी खुशीत परत आले. डिकीतून चाक काढून त्यांनी ते अंगणात फरशीवर फिरवून दाखवलं. टायर चांगला होता, नक्षी शाबूत होती.

सत्यवतीबाईंनी पाहिलं आणि त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. "स्वल्प लहान नाही का वाटत हो?"

"हवा भरलेली नाही अगं. हवा भरली की होतं बरोबर."

हवा भरून आणली. तरी ते चाक सत्यवतीबाईंच्या डोळ्यांत खुपत राहिलं. संध्याकाळी नरसिंहराव संध्येला बसलेले पाहून त्या स्वतः चाक ढकलत गाडीपाशी घेऊन गेल्या आणि मागच्या चाकाला लावून उभं केलं. पोळीशेजारी पुरी ठेवावी तसं ते दिसलं. चाकाच्या मधली भोकंही निराळीच होती.

नरसिंहराव बाहेर आले. त्यांनी दोन्ही चाकांकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. अनोळखी लिपीतली पाटी वाचायचा प्रयत्न करावा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"गुजरीतल्या त्या बाशानं चुकीचं दिलं," अखेर ते म्हणाले. "उद्या बदलून आणतो."

उद्या ते गेले. पण जाताना चाक न्यायचं विसरले, हे सत्यवतीबाईंच्या लक्षात आलं ते गाडी कोपऱ्यावरून वळल्यावर. विसरले असतील, परत येतील, म्हणून त्या वाट पाहत राहिल्या. ते परत आले ते दुसरं चाक घेऊनच.

"आता बघ," ते म्हणाले. "काय सुरेख चाक मिळालं! बाशा म्हणाला, सार, तुमच्यासाठी बाजूला ठेवलं होतं."

चाक पहिल्याइतकंच लहान होतं.

आपलीच नजर फिरली की काय, असं सत्यवतीबाईंना वाटलं. त्यांनी गजऱ्याची दोरी आणून एकदा या चाकावर धरली, एकदा त्या चाकावर, मग गाडीच्या चाकावर. दोन्ही चाकं एकमेकांसारखी. गाडीचं मोठं.

"अहो, हेही तेच आहे की."

"तेच म्हणजे?"

"कालच्यासारखंच. लहान. आणि काल आणलेलं तुम्ही परत दिलंच नाहीत. ते बघा, तिथं तुळशीमागं आहे."

नरसिंहरावांनी तुळशीमागं पाहिलं. मग एकाएकी त्यांचा आवाज चढला. "तुला गाडीतलं काय कळतं? पंचवीस वर्षं गाडी चालवतोय मी!" आणि ते आत निघून गेले. शेजारच्या रत्नाबाई वाळत घातलेले कपडे काढत होत्या, त्यांचे हात थबकले. या घरातून असा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. सत्यवतीबाईंनीही ऐकला नव्हता.

त्या चाकापाशीच बसून राहिल्या. राग यावा की काळजी वाटावी, हेच त्यांना कळेना. आपण असं काय बोललो? चाक लहान आहे ते लहान आहे. ते मान्य करायला एवढं काय झालं? का त्यांनी पैसे दुसरीकडं कुठं खर्च केले आणि ते लपवायला हे सगळं चाललंय? छे. नरसिंहराव तसे नव्हते. मग कसे होते? लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर नवऱ्याबद्दल हा प्रश्न पडावा, याचंच त्यांना नवल वाटलं.

रात्री जेवताना नरसिंहराव अगदी शांत होते. चिंचेचं सारू वाढून घेतलं, आवडलं म्हणाले. भात कालवता कालवता म्हणाले, "उद्या गुजरीत जाऊन यायला हवं. एक स्टेपनी बघायची आहे. अहल्येला आणायचं म्हणजे चांगली स्टेपनी हवी."

सत्यवतीबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. त्यांना वाटलं, थट्टा करतायत. त्यांनी नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. थट्टा नव्हती.

"उद्या मीही येते," त्या म्हणाल्या.

"तू? त्या भंगारात? बरं, सरी, ये."

झोप येईपर्यंत त्यांनी मनाशी पक्कं केलं की तो बाशा लबाड आहे. म्हाताऱ्या माणसाला गोड बोलतो, चहा पाजतो आणि खपत नसलेला माल गळ्यात मारतो. तसं असलं की सगळं जुळत होतं. म्हणजे निदान बरंचसं जुळत होतं. जे जुळत नव्हतं त्याचा विचार त्यांनी केला नाही.

टाउन हॉलपासून जवळच, जे. सी. रोडच्या आतल्या गल्ल्यांत जुन्या सामानाचा तो बाजार होता. गल्ल्या इतक्या अरुंद की मोटार आत जात नसे. नरसिंहरावांनी लँडमास्टर मोठ्या रस्त्याला, कडुनिंबाच्या सावलीत लावली आणि दोघं चालत आत गेले. दोन्ही लहान चाकं हमालाच्या हातगाडीवर मागून येत होती. कुठं नुसते दरवाजे रचून ठेवलेले, कुठं दिवे, कुठं आरशांची रास. नरसिंहराव वाट न चुकता, एकदाही न थांबता बाशाच्या दुकानाशी पोचले. ते पाहून सत्यवतीबाईंना धीर आला. डोक्यात गोंधळ असलेल्या माणसाला या चक्रव्यूहातून अशी वाट सापडली असती का?

बाशा पन्नाशीचा, कानावर पेन्सिल खोचलेला माणूस होता. "या सार, या. आज अम्मांनाही आणलंत!" त्यानं कन्नडात स्वागत केलं आणि स्टूल पुसून पुढं केलं.

सत्यवतीबाई बसल्या नाहीत. त्यांनी घरून वाक्यं जुळवून आणली होती. "एकदा चुकीचं चाक दिलंत, समजू शकते. दुसऱ्यांदाही तेच? माणूस विश्वासानं येतो तुमच्याकडं. आमच्या गाडीला हे लागत नाही, हे तुम्हाला दिसत नाही?"

बाशानं हातगाडीवरच्या चाकांकडं पाहिलं. मग नरसिंहरावांकडं. ते मात्र कोपऱ्यातल्या एका जुन्या दिव्याची काच रुमालानं पुसून पाहण्यात गुंग झाले होते. हे भांडण जणू दुसऱ्याच कुणाचं होतं.

"सार," बाशा म्हणाला, "मागच्या बाजूला आज नवीन माल आलाय. जुन्या इंग्रजी गाड्यांचे मीटर आहेत. बघता का? तुम्हाला आवडतील."

नरसिंहराव उत्साहानं आत गेले. ते दिसेनासे झाल्यावर बाशानं आवाज खाली आणला.

"अम्मा, तुम्ही रागावलात ते बरोबर. पण मी सारना दोन दोनदा विचारलं. कुठली गाडी? ते म्हणाले, बेबी हिंदुस्थान. हे चाक बेबीचंच आहे. अगदी बरोबर तिचंच. दुसऱ्या दिवशी आले, पुन्हा म्हणाले बेबी. म्हटलं, काल नेलंत की सार. तर म्हणाले, काल मी आलोच नव्हतो. मला वाटलं, पाहुण्यांसाठी वगैरे आणखी एक हवं असेल. मोठ्या माणसाशी वाद कसा घालायचा?"

"बेबी?" सत्यवतीबाई म्हणाल्या.

"हिरवी आहे म्हणाले. डाव्या बाजूचं दार नीट लागत नाही, म्हणून बायको आत दोरी बांधून बसते म्हणाले. हसलो आम्ही दोघं."

सत्यवतीबाई आता स्टुलावर बसल्या.

ती गाडी त्यांची होती. हिरवी बेबी हिंदुस्थान. दार लागत नसे म्हणून पातळाच्या काठाची दोरी करून त्या धरून बसत. हयवदन आणि अहल्या मागच्या बाजूला मारामारी करत. पण ती गाडी तुमकूरच्या एका वकिलाला विकून किती वर्षं लोटली होती! अहल्या तेव्हा शाळेत होती. विकल्याच्या दिवशी नरसिंहरावांनी स्वतः किल्ली त्या वकिलाच्या हातात दिली होती आणि घरी येऊन ताक मागून प्याले होते.

"आमच्याकडं लँडमास्टर आहे," त्या म्हणाल्या. "बाहेर मोठ्या रस्त्याला उभी आहे. तीच चालवत आलेत ते."

बाशानं कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. "मला कसं कळणार, अम्मा? गाडी इथं दिसत नाही."

म्हणजे लबाड कुणीच नव्हतं. लबाड कुणी असतं तर किती सोपं झालं असतं, असं त्यांना वाटलं. आता त्यांच्या मनात एकेक गोष्ट वर यायला लागली. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी नरसिंहरावांनी विचारलं होतं, "हयवदन आला का ग शाळेतून?" त्यांनी ते "हयवदनचं पत्र आलं का" असं ऐकलं आणि नाही म्हणाल्या होत्या. खरंच तसं ऐकलं होतं? की सोयीचं ऐकून घेतलं होतं? एकदा ते लायब्ररीत जातो म्हणून गेले आणि भर उन्हात घामाघूम होऊन उशिरा आले. विचारलं तर म्हणाले, रस्ता दुरुस्तीसाठी बंद होता. रस्ता बंद नव्हता, हे रत्नाबाईंकडून कळलं होतं. त्या वेळी रत्नाबाईंचंच चुकत असेल असं त्यांनी धरलं होतं.

नरसिंहराव मागून परत आले. हातात काही नव्हतं, पण चेहरा फुललेला. "काय एकेक वस्तू आहेत! बरं, चाकाचं काय झालं?"

सत्यवतीबाई उभ्या राहिल्या. "चला जरा. गाडी दाखवू या यांना. मग ते बरोबर चाक देतील."

तिघं गल्लीतून बाहेर आले. कडुनिंबाखाली लँडमास्टर उभी होती. तिच्या मागं एक पांढरी फियाट, पुढं एक मालमोटार.

"आपली गाडी कुठाय हो?" सत्यवतीबाईंनी विचारलं. हा प्रश्न विचारताना त्यांना स्वतःची लाज वाटली. लहान मुलाची परीक्षा घ्यावी तसा तो प्रश्न होता. पण विचारल्याशिवाय राहवेना.

"काय विचारतेस अगं," नरसिंहराव म्हणाले आणि भराभर पुढं निघाले. लँडमास्टरच्या अंगावरून ते पुढं गेले. मालमोटारीच्या पलीकडं डोकावले. परत आले, फियाटच्या मागं पाहिलं. मग फुटपाथच्या कडेला उभे राहून त्यांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली. काळ्या गाडीच्या बॉनेटवर त्यांचा हात टेकलेला होता. दुसऱ्या हातात तिचीच किल्ली होती.

"इथंच लावली होती," ते हळूच म्हणाले. "सत्यवती, गाडी नाहीये."

त्यांनी नावानं हाक मारली होती. परक्या लोकांसमोर ते कधी नाव घेत नसत. सत्यवतीबाईंनी त्यांचा दंड धरला आणि बॉनेटवरच्या हातावर आपला हात ठेवला.

"ही बघा. ही आपली."

नरसिंहरावांनी गाडीकडं पाहिलं. किल्लीकडं पाहिलं. चेहऱ्यावर भीती आली, आणि ती येता येताच पुसली गेली. "हो हो, हीच की," ते हसले. "मी काय बघत होतो कुणास ठाऊक. ऊन फार आहे."

"हो, ऊन फार आहे," बाशा म्हणाला. त्यानं खाली वाकून लँडमास्टरच्या टायरवरचे आकडे वाचले आणि तो दुकानाकडं वळला.

पुढचा व्यवहार सत्यवतीबाईंनी केला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या मोटारीच्या सामानाचा भाव करत होत्या. बाशानं दोन्ही लहान चाकं परत घेतली, आणि घरची भेगाळलेली स्टेपनी रिमसाठी आणून द्यायचं ठरलं. बदल्यात वरून नवं रबर चढवलेला, लँडमास्टरच्या मापाचा टायर, रिमसकट. थोडे पैसे वर द्यावे लागत होते. "एवढेच आहेत," त्या पदराची गाठ सोडत म्हणाल्या. बाशानं न मोजता घेतले.

"अम्मा," निघताना तो म्हणाला, "सार पुन्हा आले तर मी चहा देईन. चाक देणार नाही."

त्या नुसत्या मान हलवून निघाल्या.

अहल्येला आणायचा दिवस शुक्रवारचा होता. आदले दोन दिवस सत्यवतीबाई घरात फिरत राहिल्या आणि काय करावं ते त्यांना ठरवता आलं नाही. यांना गाडी चालवू द्यावी का? न द्यावी तर काय सांगून? विद्याधरला निरोप पाठवावा, तर त्यात काय लिहावं? तुमच्या सासऱ्यांना आपली गाडी ओळखू आली नाही? आणि ते खोटं ठरलं तर? कारण हे दोन दिवस नरसिंहराव अगदी पहिल्यासारखे होते. त्यांनी इंजिनातलं तेल पाहिलं, पाणी भरलं, नवी स्टेपनी जागेवर नीट बसवली. संध्याकाळी दोघांसाठी बाजारातून वेलची केळी आणली आणि सुट्टे पैसे बरोबर आणले. त्यांच्याकडं पाहताना सत्यवतीबाईंना वाटे की गुजरीतली ती दुपार आपल्यालाच उन्हात भास झाली.

शेवटी त्या जाऊन गाडीत बसल्या, एवढंच.

नरसिंहरावांनी गाडी छान चालवली. गर्दीतून बाहेर पडून बळ्ळारी रस्त्याला लागले, मेख्री सर्कल मागं टाकलं. हेब्बाळच्या तळ्यावरून गार वारा येत होता. सत्यवतीबाईंची मांडीवर घट्ट धरलेली बोटं सैल झाली. शेतकी कॉलेजच्या पुढं रस्ता मोकळा झाला आणि तिथंच गाडी एका अंगाला ओढायला लागली.

"पंक्चर," नरसिंहराव म्हणाले. आवाजात घबराट अजिबात नव्हती. त्यांनी गाडी कडेला घेतली, कोट काढून सीटवर घडी करून ठेवला आणि बाह्या दुमडल्या.

सत्यवतीबाई खाली उतरून उभ्या राहिल्या. पुढच्या चाकाला नरसिंहरावांनी दगड लावला. पाना लावून नट आधी सैल केले, मग जॅक चढवला. एकेक नट काढून चाकाच्या टोपीत ठेवला, म्हणजे मातीत हरवणार नाही. बसलेलं चाक काढून बाजूला आडवं ठेवलं. डिकीतून स्टेपनी आणून त्याच्या शेजारी ठेवली. मग ते घाम पुसायला सरळ झाले.

रस्त्यानं एक बैलगाडी गेली. गाडीवानानं काही विचारलं, नरसिंहरावांनी त्याला हात केला. मग ते खाली वळले.

जमिनीवर दोन चाकं शेजारी शेजारी पडली होती. दोन्ही काळी, दोन्ही एका मापाची. नरसिंहराव त्यांच्याकडं पाहत राहिले. मग वाकून त्यांनी एक उचललं, ते लावायला गेले, आणि नट बसवायला लागले.

ते पंक्चर झालेलं चाक होतं.

सत्यवतीबाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. आपल्याला काय कळतं गाडीतलं? आपलंच चुकत असेल. पण रबर खाली लोंबत होतं, त्यात हवा नव्हती, हे त्यांना धडधडीत दिसत होतं. त्या दिवशी अंगणातही त्यांना असंच धडधडीत दिसलं होतं.

"अहो," त्या म्हणाल्या. "हे नव्हे. ते."

नरसिंहरावांनी मान वर केली. आता ओरडतील, असं त्यांना वाटलं. ते ओरडले नाहीत. "हे नव्हे?" त्यांनी विचारलं. खरोखरच विचारलं, शाळेतला मुलगा विचारतो तसं.

"हे बसलेलं आहे. ते चांगलं. ते लावा."

"सरी." त्यांनी नट काढले, चाक उतरवलं, दुसरं उचलून लावलं. पुढं प्रत्येक कामाआधी ते क्षणभर बायकोकडं पाहत. आणि सत्यवतीबाई, ज्यांनी आजवर पाना हातात धरला नव्हता, सांगत गेल्या. आता नट. आता तो राहिलेला. आता गाडी खाली घ्या. आता पुन्हा आवळा. त्यांना हे कसं येत होतं ते त्यांनाच कळत नव्हतं. नुकतंच त्यांनी उलट क्रमानं होताना पाहिलं होतं, एवढंच. बसलेलं चाक त्यांनी स्वतः ढकलत डिकीपाशी नेलं. पातळाला काळे डाग पडले.

पुन्हा गाडीत बसल्यावर नरसिंहरावांनी स्टिअरिंगवर हात ठेवले आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं.

"कुठं निघालो होतो ग आपण?"

"येलहंक्याला. अहल्येकडं. सरळ जायचं."

"हो. अहल्येकडं," ते म्हणाले आणि त्यांनी गाडी सुरू केली.

विद्याधरच्या क्वार्टरपुढं अहल्या पोटावर हात ठेवून उभीच होती. "किती उशीर, अम्मा! आणि हे पातळ?"

"पंक्चर झालं होतं," नरसिंहराव म्हणाले. "बदललं आम्ही दोघांनी. तुझी आई तर मेकॅनिक झाली!" ते मोठ्यानं हसले. अहल्याही हसली. सत्यवतीबाई हसल्या नाहीत, तेव्हा अहल्येनं त्यांच्याकडं नीट पाहिलं.

कॉफी झाली. विद्याधर पिशव्या गाडीत ठेवत होता, तेव्हा सत्यवतीबाई त्याच्यापाशी गेल्या. काय बोलायचं ते अजून ठरलं नव्हतं. "जाताना तुम्ही चालवाल का?" एवढंच तोंडून निघालं. "अहल्येला घेऊन जायचंय."

"मी? मला रजा... बघतो, सांगून येतो. पण मामांना चालेल का? ते गाडीला दुसऱ्याचा हात लावू देत नाहीत."

हीच भीती त्यांनाही होती. नवऱ्याकडं त्याची किल्ली मागायची, तीही जावयाकरवी. तेवढ्यात नरसिंहराव बाहेर आले.

"मामा, आज मी चालवू का?" विद्याधरनं चाचरत विचारलं. "सवय राहील मला."

नरसिंहरावांनी खिशात हात घातला आणि किल्ली त्याच्या हातात दिली. इतक्या चटकन दिली की विद्याधर गडबडला. "घ्या, घ्या. बरंच झालं," ते म्हणाले. "हल्ली रस्ते फार बदललेत." आणि खांद्यावरून पोतं उतरवल्यासारखा त्यांनी श्वास सोडला.

सत्यवतीबाई पाहतच राहिल्या. म्हणजे यांना ठाऊक होतं? केव्हापासून? भीती वाटत असूनही ते रोज किल्ली घेऊन बाहेर पडत होते, आणि मला सांगितलं नाही? की ठाऊक काहीच नव्हतं, नुसतं दमले होते? चेहऱ्यावरून काही कळेना. ते पुढच्या सीटवर जावयाशेजारी बसले आणि काचेतून बाहेर पाहू लागले.

मागच्या सीटवर अहल्येनं आईचा हात हातात घेतला. "अम्मा, काय झालंय?" तिनं कुजबुजत विचारलं.

सत्यवतीबाईंनी सांगितलं. चाकांचं, बाशाचं, कडुनिंबाखालचं, मघाचं. सलग सांगता आलं नाही. मागचं पुढं झालं, पुढचं मागं. अहल्येच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा त्यांना वाटलं की या अवस्थेत पोरीला सांगायला नको होतं. पण सांगितल्यावर छातीवरचं ओझं हललं, हेही खरं होतं.

"आता काय करायचं?" अहल्येनं विचारलं.

"मला काही समजत नाही ग," सत्यवतीबाई म्हणाल्या. "वयानं होतं म्हणावं, तर रत्नाबाईंचे सासरे नव्वदीचे आहेत, त्यांना सगळं आठवतं. डॉक्टरांना विचारू. हयवदनला बोलावू. आणि एकटं बाहेर पाठवायचं नाही. पुढचं मला दिसत नाही."

गाडी हेब्बाळपाशी आली. तळ्यावर बगळे उतरले होते. नरसिंहरावांनी मागं वळून पाहिलं. लेकीच्या पोटाकडं त्यांची नजर गेली, आणि त्यांचा चेहरा उजळला, जणू ही बातमी त्यांना आत्ताच कळत होती.

"विद्याधर," ते जावयाला म्हणाले, "स्वल्प सावकाश घ्या. पोरीला धक्के बसतायत."

विद्याधरनं वेग कमी केला.